मुंबईत पक्षी पाहायला आणि नोंदवायला सुरुवात करताना

माझं लहानपण दादरच्या चाळीत गेलं. तिथे चिमण्या होत्या. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, देवांच्या तसबिरींमागे गवताच्या काड्या खोचलेल्या असायच्या आणि आजी तांदूळ निवडायला बसली की तिच्या सुपाभोवती त्या टिपत फिरायच्या. आज त्या चाळीतला प्रत्येक जण म्हणतो, चिमण्या कमी झाल्या. किती होत्या असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. वीस? पन्नास? आमच्यापैकी कुणी कधी मोजल्या नाहीत आणि लिहून तर मुळीच ठेवल्या नाहीत.

म्हणून माझ्याबरोबर पक्षी पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवसापासून लिहायला लावते. तेही कावळा, पारवा, साळुंकी असे रोज दिसणारे पक्षी, आकड्यासह. खाली जे सांगते आहे ते मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आणि अजून दुर्बीण हातात न घेतलेल्या माणसासाठी आहे. मी मुलुंड पूर्वेला राहते. माझ्या एका बाजूला मिठागरं आणि खाडी, रेल्वे ओलांडून पलीकडे गेलं की राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. पण शिकले ते बहुतेक स्वयंपाकघराच्या गॅलरीतूनच.

पहिलं काम: एक जागा धरा

जागा घरापासून पाच मिनिटांच्या आत हवी. खिडकी, गच्ची, सोसायटीची मागची भिंत, मैदानाचा कोपरा, काहीही चालेल. फक्त तिथून एखादं मोठं झाड दिसायला हवं. वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर फारच चांगलं, कारण फळं पिकली की तांबट, कोकीळ, बुलबुल तिथे हजेरी लावतात आणि नशीब जोरावर असेल तर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियलही येतो. काटेसावर आणि पांगारा हिवाळ्याच्या शेवटी फुलतात. तेव्हा त्यांच्यावर साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, हळद्या आणि भोरड्यांची झुंबड असते. यांतलं काही नसेल तर सिंगापूर चेरीही चालेल. त्या झाडात फुलटोच्या नावाचा अंगठ्याएवढा पक्षी आधी ऐकू येईल आणि मग दिसेल.

वेळ उजाडल्यानंतरचा पहिला तास. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, मेअखेरीस सहाला. पंधरा मिनिटं बसा. आठवड्यातून दोनदा जमलं तरी पुरे, पण जागा तीच आणि वेळ साधारण तीच ठेवा.

एकाच जागेचा आग्रह मी का धरते, ते सांगते. आमच्या गॅलरीसमोर बदामाचं झाड आहे. एका एप्रिलमध्ये कावळ्याच्या जोडीनं तिथे घरटं केलं. काटक्या थोड्या आणि तारा जास्त: बांधकामावरच्या बारीक सळ्यांचे तुकडे, एका हँगरचा आकडा. घरटं पुरं झाल्यावर रोज सकाळी एक काळाभोर नर कोकीळ अगदी समोरच्या फांदीवर येऊन ओरडायचा आणि दोन्ही कावळे त्याच्या पाठी लागायचे. ठिपक्यांची मादी याच झाडात दडून बसलेली मी दोनदा पाहिली. घरट्यात शिरताना मात्र एकदाही नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घरट्याच्या काठावर एक पिल्लू येऊन बसलं. अंग काळं, पंखांवर फिकट ठिपके, शेपटी कावळ्याच्या पिल्लाला शोभणार नाही इतकी लांब. कावळी त्याला भरवत होती. त्या दीड-दोन महिन्यांच्या तारखा माझ्या वहीत आहेत, कारण मी तेवढे दिवस एकाच खुर्चीत बसले होते.

मग कान

शहरात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. इमारती, वायरी, दाट रेनट्री यांच्यात नजर अडते, कान अडत नाही. पहिले दोन आठवडे दुर्बिणीचा विचारही करू नका. डोळे मिटून बसा आणि किती वेगवेगळे आवाज आहेत एवढंच मोजा. कुणाचा कोणता, ते नंतर.

सुरुवातीला हे आवाज पाठ झाले की निम्मी मुंबई ओळखता येते.

तांबट म्हणजे टुक, टुक, टुक, एका लयीत, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा. पक्षी चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल, आणि बसतो उंच सुक्या फांदीच्या टोकावर. आवाज काढताना चोच मिटलेली असते, गळा फुगतो आणि दर टुकीला मान वळते. त्यामुळे आवाज कधी डावीकडून आला असं वाटतं, कधी उजवीकडून. नवशिके चुकीच्या झाडावर शोधत राहतात. सगळ्यांत उंच निष्पर्ण टोक गाठा, तिथे तो सापडेल.

दयाळ काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा. फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळ्यापर्यंत पहाटे अँटेनावर किंवा पाण्याच्या टाकीवर बसून लांबलचक शीळ घालतो, आणि दर वेळी चाल थोडी बदलतो. हिवाळ्यात तोच पक्षी नुसता बारीक कुरकुरतो, म्हणून लोकांना वाटतं तो निघून गेला.

कोकिळेचं गाणं आपण कवितेत मादीला दिलंय. कुहू करणारा मात्र नर. मादीचा आवाज किक-किक-किक असा घाईचा आणि चढा असतो. त्याच आवाजानं नवीन माणूस वर्षभर बुचकळ्यात पडतो.

भारद्वाजाचा खोल, पोकळ कूप-कूप-कूप झुडपातून येतो. शिंप्याचा आवाज एवढा मोठा, की हे मूठभर पिल्लू असेल असं वाटतच नाही. टिटवी मोकळ्या जागेवरची, रात्रीही ओरडते. आणि पावसाच्या तोंडावर, विशेषतः येऊर किंवा आरेच्या बाजूला, "पेरते व्हा, पेरते व्हा" असं चढत जाणारं ऐकलंत तर तो पावशा. शेतकऱ्यानं दिलेला हा शब्द इतका चपखल आहे की एकदा ऐकल्यावर पक्षी विसरता येत नाही. आवाज लक्षात ठेवायचा तर तुम्हीही असेच शब्द बसवा. घरातल्या मिक्सरसारखा, सायकलच्या घंटीसारखा, जे सुचेल ते वहीत लिहा.

दुर्बीण

दोन आठवड्यांनंतरही उत्साह टिकला तर दुर्बीण घ्या. तिच्यावर ८×४२ किंवा ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. सुरुवातीला आठपट योग्य. दहा-बारापट घेण्याचा मोह होतो, पण तेवढ्या दुर्बिणीत हाताची थरथरही तेवढीच पट दिसते आणि दृश्याचा घेर लहान होतो, त्यामुळे पानांत हलणारा शिंपी सापडेपर्यंत उडून जातो. "झूम" दुर्बीण टाळा. रस्त्यावर मिळणाऱ्या लालसर भिंगांच्या दुर्बिणी तर घेऊच नका.

वापरायची पद्धत: पक्ष्यावरची नजर हलवायची नाही, दुर्बीण वर आणून डोळ्यांसमोर धरायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर फक्त पानं दिसतील. ही सवय समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेल्या पारव्यांवर करा. (समोर कुणाच्या खिडक्या असतील तर दुर्बीण तिकडे वळवू नका, मुंबईत यावरून खरोखर भांडणं होतात.)

रंग शेवटी

नवीन माणूस रंग सांगतो: "पिवळा होता, डोक्यावर काळं." रंग प्रकाशानं बदलतो, म्हणून तो शेवटी लिहा. आधी आकार, आणि तो ओळखीच्या पक्ष्यांच्या मापानं: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच: जाड, बारीक, बाकदार, लांब. मग शेपटी. मग तो काय करत होता: खोडावर चढत होता, जमिनीवर पळत होता, हवेतच किडा पकडून त्याच फांदीवर परत आला. यानंतर रंग, आणि विशेषतः डोळ्याजवळ, पंखावर, कमरेवर असलेला एखादा डाग.

असाच एक डाग मुंबईतल्या एका मुलाच्या नजरेत भरला होता. खेतवाडीत वाढणाऱ्या आणि पुढे पक्षितज्ज्ञ झालेल्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आज फोर्टात लायन गेटजवळच्या हॉर्नबिल हाउसमध्ये आहे आणि तिथून निघणाऱ्या निसर्गभ्रमंतीत नवख्यांनाही जाता येतं. ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी आजही राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला दिसते.

सुरुवातीला जोड्या शिका, कारण गोंधळ तिथेच होतो. घरकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सबंध काळा आणि चोच जाड. लालबुड्या बुलबुलाचं डोकं काळं. शिपाई बुलबुलाला उभा तुरा आणि गालावर लाल ठिपका. घारीची शेपटी टोकाला खाच असलेली, शिक्रा तिच्या निम्म्याहून लहान, शेपटीवर पट्टे. नाल्याच्या काठावर मातकट रंगाचा ढोकरी दगडासारखा बसलेला असतो, पण उडाला की दोन्ही पंख पांढरेशुभ्र. पावसाळ्याच्या आधी त्याच्याच पाठीवर गडद लालसर तपकिरी पिसं येतात, आणि लोक "नवीन बगळा दिसला" म्हणून फोटो पाठवतात.

मराठी नावांची एक गंमत आहे. एकाच पक्ष्याला विदर्भात एक, कोकणात दुसरं आणि पुस्तकात तिसरं नाव. फ्लेमिंगोला कुणी रोहित म्हणतं, कुणी अग्निपंख. नाव कोणतं बरोबर यावर वेळ घालवू नका. आजीला जे माहीत असेल ते आधी लिहून घ्या, ती नावं कुठल्याच यादीत नसतात.

आता नोंद

वहीत प्रत्येक बैठकीच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहायच्या: तारीख, सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं, जागा, हवा. त्याखाली पक्षी आणि आकडा. वही लहान, पेन्सिल सोबत. पावसात आणि घामात शाई पसरते.

वहीतलं मग ई-बर्डवर टाका. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं हे ॲप फुकट आहे, पक्ष्यांची नावं मराठीतही दिसतात, आणि भारतात बर्ड काउंट इंडिया या गटामुळे त्यात खूप काम झालं आहे. तुमची यादी तुमची राहते आणि अभ्यासकांनाही वापरता येते. यादी टाकताना तीन गोष्टी नीट समजून घ्या.

एक, प्रकार. जागेवर बसून, साधारण ३० मीटरच्या आत राहून पाहिलेत तर "स्थिर". चालत पाहिलेत तर "प्रवास", आणि तिथे अंतर खरं लिहायचं. रिक्षातून जाताना सहज घार दिसली तर "प्रासंगिक". गॅलरीची यादी नेहमी स्थिर.

दोन, शेवटी विचारला जाणारा प्रश्न: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? याला "हो" म्हणता यावं अशीच यादी करा. कावळा गाळून फक्त हळद्या लिहिलात तर "नाही" म्हणावं लागतं आणि यादीचा उपयोग बराच कमी होतो. सगळे लिहिलेत तर "तिथे चिमणी नव्हती" हीसुद्धा माहिती होते. चाळीबद्दल जे मला आज सांगता येत नाही, ते तुमच्या सोसायटीबद्दल पुढे कुणाला तरी सांगता येईल.

तीन, आकडा. ॲप संख्येऐवजी फुली मारू देतं. मारू नका. अंदाज चालतो. कावळे संध्याकाळी रातथाऱ्यावर निघाले की दहा मोजा, डोळ्यांत तेवढा तुकडा बसवा आणि मग तो तुकडा थव्यावर किती वेळा मावतो ते बघा. पंधरा मिनिटांत तोच पारवा चार वेळा समोरून गेला तर तो एकच.

ओळख पटली नाही तर जबरदस्तीनं नाव देऊ नका. "शिंजीर, कोणता ते नक्की नाही" अशी नोंद ॲपमध्ये करता येते आणि ती चोख नोंद असते. कधी एखाद्या नोंदीवर "पुरावा आहे का" अशी विचारणा येते. तपासणारे स्वयंसेवक असतात, ते नवख्यावर अविश्वास दाखवत नाहीत. वर्णन द्या, फोटो किंवा आवाज असेल तर जोडा. चूक असेल तर दुरुस्त करा, एक मिनिटाचं काम आहे.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट होतो. किमान पंधरा मिनिटांची यादी, कुठूनही. सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही.

आवाज टिपणं

फोटोसाठी महागडं भिंग लागतं. आवाजासाठी खिशातला फोन पुरतो, आणि शहरातल्या नोंदींमध्ये आवाजाचा पुरावा फार कामाचा ठरतो. मला हे काम फोटोपेक्षा जास्त आवडतं, म्हणून थोडं सविस्तर.

फोनमधल्या साध्या रेकॉर्डरवर बहुधा दाबलेली, आवाजाचा काही भाग गाळणारी फाइल तयार होते. डब्ल्यूएव्ही प्रकारची फाइल करणारं रेकॉर्डर ॲप घ्या आणि त्यात ४८ किलोहर्ट्झ निवडा. गोंगाट आपोआप कमी करणारी किंवा आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असेल तर बंद करा. ती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते आणि पक्ष्याची बारीक शीळच गोंगाट समजून पुसून टाकते. फोन एअरप्लेन मोडवर टाका.

आता उभं राहणं. फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो, ती कड पक्ष्याकडे करा आणि बोटांनी झाकू नका. पुढे जाता येत असेल तर हळू जा. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, आणि एवढी वाढ कुठल्याही ॲपमधून मिळत नाही. पाठीमागे रस्ता असेल तर तुमचं शरीर रस्ता आणि फोन यांच्या मध्ये ठेवा. थोडा फरक पडतो. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पाय हलवायचे नाहीत. सुक्या पानांवरचं एक पाऊल, पिशवीची चेन, घोटलेली थुंकी, सगळं ऐकू येतं. किमान अर्धा मिनिट चालू द्या. पक्षी थांबला तरी लगेच बंद करू नका, तो पुन्हा बोलतो.

शेवटी दोन-तीन सेकंद शांत राहून आपल्या आवाजात बोला: "तारीख अमुक, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं, मुलुंड पूर्व, दयाळ, टाकीवर बसलेला दिसतो आहे, मागे बुलबुल आणि लोकल." पक्षी दिसला की फक्त ऐकला, हे जरूर सांगा. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा या एका वाक्याशिवाय काही आठवत नाही.

घरी आल्यावर पुढचं-मागचं निरर्थक कापा, पण पक्ष्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद ठेवा. आवाज फार बारीक असेल तर ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत मोठा भाग उणे ३ डेसिबलवर आणा. याहून जास्त सफाई करू नका. लोकलचा आवाज राहू द्या, तीही त्या जागेची नोंद आहे. फाइलला नाव तारीख-वेळ-जागा-पक्षी या क्रमानं द्या. मग ती ई-बर्डच्या यादीला जोडा किंवा झेनो-कँटो या आवाजांच्या संग्रहात टाका. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

मर्लिन नावाचं ॲप आवाज ऐकून नावं सुचवतं. शिकायला ते उत्तम आहे, पण त्यानं सुचवलं म्हणून यादीत लिहायचं नाही. एकदा राष्ट्रीय उद्यानात शिक्र्याची ओरड मी स्वतः ऐकली, ॲपनंही शिक्राच म्हटलं, मी लिहून टाकलं. रात्री फाइल पुन्हा ऐकली तेव्हा त्याच ठिकाणाहून, त्याच जोरात, शिक्र्यानंतर बुलबुल, मग एक धातूवर धातू आपटल्यासारखी खणखण. भृंगराज होता. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे असलेला हा पक्षी दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब काढतो. फाइल नसती तर तो खोटा शिक्रा माझ्या नावावर कायम राहिला असता. तेव्हापासून ॲपनं सुचवलेला प्रत्येक पक्षी मी एकतर डोळ्यांनी पाहते किंवा फाइल परत ऐकते, मगच लिहिते.

खाडीवर जायचं तर भरती बघा

शिवडीला फ्लेमिंगो पाहायला गेलेले निम्मे लोक निराश होऊन परततात, कारण ते रविवार बघून जातात. भरती पूर्ण असेल तर चिखल पाण्याखाली असतो आणि पक्षी दुसरीकडे विसावायला गेलेले असतात. पूर्ण ओहोटीला ते लांबवर गुलाबी रेघेसारखे दिसतात. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर गेलात तर पाणी त्यांना धक्क्याच्या जवळ आणून सोडतं.

भरतीची वेळ वेबसाइटवर मिळते, पण कोळीवाड्यातली रीत दिनदर्शिकेवरून जमते: तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमी असेल तर सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. ही वेळ दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. थोडा मागेपुढे फरक पडतो, बेत आखायला मात्र पुरतं. म्हणजे पंचमीला दुपारी एकला शिवडीला पोचायचं. दुपारच का? शिवडीचा चिखल पूर्वेला आहे, सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि सगळे पक्षी काळे दिसतात. ऐरोलीच्या किनाऱ्यावरून किंवा नेरूळच्या पाणथळींवरून पश्चिमेकडे बघायचं, तिथे सकाळ बरी.

हार्बर लाइनवर शिवडी स्टेशनवरून पूर्वेला चालत किंवा टॅक्सीनं धक्क्यावर जाता येतं. हिवाळा ते मे हा मोसम. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडीनं आत नेतात, तीही भरती बघूनच. इथे बहुसंख्य छोटे रोहित, गडद चोचीचे. उंच, फिकट आणि गुलाबी चोचीला काळं टोक असलेला तो मोठा रोहित.

त्यांच्या पायांशी धावणाऱ्या लहान लहान चिखल्या आणि तुतवार पहिल्या वर्षी ओळखू आले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. आकडा लिहा, "ओळख नाही" लिहा, फोटो ठेवा. अनुभवी माणसंही तिथे अडतात.

झाडीतल्या जागा

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सर्वांना माहीत आहे. सोमवारी बंद असतं आणि ठरलेल्या वाटा सोडून जायला परवानगी लागते. बिबटे आहेत, तेव्हा पहाटे-संध्याकाळी एकट्यानं आत भटकू नका. कान्हेरीच्या रस्त्यावर राखी धनेश, स्वर्गीय नर्तक, कुटुर्गा आणि पावसाच्या सुरुवातीला नवरंग हे भेटण्यासारखे. शहराच्या मधोमध पाहिजे असेल तर भायखळ्याची राणीची बाग जुन्या झाडांसाठी, आणि धारावीजवळ माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ते पूर्वीच्या कचराभूमीवर उभं केलेलं आहे. तिथली यादी करताना मला दर वेळी बरं वाटतं.

काय करायचं नाही

रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो खाणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. घरट्याचा फोटो काढायला फांद्या बाजूला करायच्या नाहीत. आपण गेल्यावर कावळे तिथेच उतरतात. घुबडांची जागा कुणालाही सांगायची नाही, समाजमाध्यमावर तर नाहीच. पिंगळा, गव्हाणी घुबड यांना अंधश्रद्धेपायी पकडलं जातं, दिवाळीच्या आसपास विशेष. कुरवांना (सीगलना) गाठ्या-फरसाण टाकायचं नाही. ते समुद्राचे पक्षी आहेत, त्यांना मासे लागतात.

झाडाखाली पिसं फुटलेलं पिल्लू दिसलं तर घरी आणू नका. बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात; मांजरापासून दूर एखाद्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. जखमी पक्षी, संक्रांतीच्या सुमारास मांज्यात अडकलेला पक्षी दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा.

पावसाळ्यात

जूनमध्ये बहुतेक जण दुर्बीण कपाटात टाकतात आणि ऑक्टोबरमध्ये काढतात तेव्हा भिंगात बुरशीच्या जाळ्या असतात. मुंबईच्या दमटपणात कापडी पिशवी सर्वांत वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या मधूनमधून वाळवा आणि आठवड्यातून एकदा तरी दुर्बीण बाहेर काढून वापरा.

वापरायला कारणंही भरपूर आहेत. शहराच्या कडेला ताडांवर आणि बाभळींवर सुगरणी खोपे विणतात, ढोकरी आणि बगळे सोसायट्यांच्या रेनट्रीवर वसाहत करतात, आणि पाऊस उघडला की दहा मिनिटं सगळे एकदम बोलतात. त्या दहा मिनिटांसाठी फोन चार्ज करून खिडकीपाशी ठेवा. पागोळ्यांचा आवाज येणारच. तारीख बोलताना "पाऊस आत्ताच थांबला" एवढं म्हणा. सप्टेंबर सरता सरता एका सकाळी समोरच्या गच्चीवर शेपटी वरखाली करत पळणारा करडा-पांढरा धोबी दिसेल. त्याची तारीख ठळक लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी तो आधी आला की उशिरा हे तुम्हाला सांगता येईल.